पर्ममध्ये गणित चुकतं ते तारखांचं

अमेरिकेच्या ग्रीन कार्डवरच्या एका लेखात 'जाहिराती झाल्या की पर्म टाका' असं म्हटलंय (पर्म म्हणजे परदेशी कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने अमेरिकी कामगार खात्याकडे करायचा अर्ज), ते अपुरं आहे. त्याआधी किमान लागतात दोन वेगवेगळ्या रविवारच्या पेपरातल्या जाहिराती आणि ३० दिवसांची जॉब ऑर्डर, म्हणजे राज्याच्या रोजगार खात्याकडे नोंदवलेली जागा. अर्ज १८० दिवसांच्या आत जायला हवा, आणि ते मोजायचे यातल्या पहिल्या गोष्टीपासून, पण अर्जाआधीचं ३० दिवसांचं थांबणं जॉब ऑर्डर संपल्यावर सुरू होतं. घोळ नेमका इथेच होतो. वकिलाची फी आणि जाहिरातींचा खर्च कंपनीचाच. पगारातून कापणं सरळ नियमबाह्य, एचआर काहीही म्हणो. त्याच कंपनीतला अनुभव सहसा धरत नाहीत, म्हणून जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं आधीच मागवा, कामाच्या तपशिलासकट. आणि पर्मच्या मंजुरीनंतर १८० दिवसांत आय-१४० (कंपनीने करायचा ग्रीन कार्डाचा पुढचा अर्ज) गेला नाही, तर सगळं पहिल्यापासून, प्रायॉरिटी डेटसुद्धा (ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख) नवी.