सरळ रेघेचे पन्नास

यवतमाळ जिल्ह्यात, आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सहा महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवर केसपेपर सुरू झाले. परवा सिस्टरांचं ‘समाधान’ मोजलं. शंभरात जेमतेम ५०. तेव्हापासून आमच्या जीएनएमच्या (नर्सिंगच्या कोर्सच्या) बॅचमध्ये जुंपली आहे. कुणी म्हणतं सिस्टीम भंगार, कुणी म्हणतं सिस्टरांना नवं काही शिकायलाच नको. त्यात माझा चुलतभाऊ. जन्मात एक नाइट केली नाही, पण मला लिहितो, “तुमच्या इंग्लंडात बाया धडाधड टाइप करतात, इथल्यांले काहून जमत नाही?”

भाऊ, आधी ते ५० कसे आले ते बघ. तिथल्याच सिस्टर मंदाताईने कोऱ्या फॉर्मचा फोटो पाठवला आणि मी लगेच ओळखला. जॉन ब्रूक नावाच्या माणसाने १९८६ मध्ये तयार केलेले दहा प्रश्न, एखादी सिस्टीम वापरायला किती सोपी ते मोजणारे. मी इकडे इंग्लंडात नर्स आहे, आमच्या वॉर्डातही तेच वाटतात. प्रत्येक प्रश्नाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) यातल्या एका आकड्यावर टिक. एक प्रश्न कौतुकाचा, पुढचा नावं ठेवणारा, असे आलटून पालटून, आणि नावं ठेवणाऱ्याचे गुण उलटे मोजायचे. त्यामुळे वरपासून खालपर्यंत सगळीकडे ५ वर टिक करा, ३ वर करा नाहीतर १ वर करा, हिशेब ५० च येतो. फॉर्म इंग्रजीत, गोळा करायला साहेब स्वतः उभे, बाहेर ओपीडीची रांग. बायांनी सरळ रेघ ओढली आणि कामाला लागल्या. त्या ५० वर तुम्ही भांडता आहात.

आणि पहिलाच प्रश्न काय, तर ही सिस्टीम वारंवार वापरायला आवडेल का. ड्यूटीत आवडीचा प्रश्न येतो कुठे?

इथे कार्ड टेकवलं की स्क्रीन उघडते, ट्रॉली ढकलत बेडपाशी जायचं, पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, औषध द्यायचं. कागद खरंच गेला. तिकडे गेला नाही ना! आधी रजिस्टर, मग तेच कॉम्प्युटरवर, वरून आभाचा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याच्या ओळखीचा, १४ आकडी नंबर. त्याचा ओटीपी आजोबांच्या पोराच्या मोबाइलवर, आणि पोरगा पुण्यात. तेवढ्यात लाइन गेली तर परत पहिल्यापासून. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचा पेशंट आला की ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध दर पाच-दहा मिनिटांनी द्यावं लागतं, प्रत्येक डोस वेळेसकट लिहावा लागतो. कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर. रजिस्टर निदान काखेत मारून पेशंटजवळ नेता येतं. २०१७ च्या त्या फवारणीच्या विषबाधेच्या पावसाळ्यात यवतमाळात ज्यांनी ड्यूटी केली, त्यांना विचारा समाधान म्हणजे काय.

हे सगळं मी भावाला ठणकावून लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नाही. इंग्लंडनेही २००२ मध्ये देशभरातल्या दवाखान्यांसाठी असाच मोठा कार्यक्रम काढला होता आणि अब्जावधी पौंड घालून २०११ मध्ये तो गुंडाळला. माझ्या मुद्द्याला किती सोयीचं होतं! पण गावाकडच्यांसमोर इंग्लंडला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. (वॉर्डात कुणी भारताबद्दल बोललं की हीच जीभ कशी चालते ते विचारू नका.)

खरं सांगायचं तर, दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात नवी सिस्टीम आली तेव्हा पहिल्या आठवड्यात मी लिननच्या खोलीत जाऊन रडले होते. मग फॉर्म आला. इंग्रजी मला येतं, साहेब उभे नव्हते, नावसुद्धा लिहायचं नव्हतं. तरी मी दहाही ठिकाणी ३ वर टिक केली. पाहुणीने स्वयंपाकात मीठ कमी म्हणू नये, तसं काहीतरी. इथे येऊन अकरा वर्षं झाली.

मंदाताईने मात्र पोराकडून एकेका प्रश्नाचा अर्थ विचारून फॉर्म भरला. तिने कुठे काय टिक केलं ते फोनवर सांगितलं आणि मी इकडे बेरीज केली. साडेबावीस. विचारलं, “ताई, साहेब समोर असताना भीती नाही वाटली?”

“कायचं भेव?” ती म्हणाली. “दवाखाना आपलाच आहे ना.”