‘हायब्रिड म्हणजे नुसती जाहिरात’ : एका दाव्याची तपासणी

कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊ पाहणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश बराच फिरतो आहे. स्ट्राँग हायब्रिड (बॅटरीवरच्या मोटरने काही अंतर इंजिनाशिवायही धावू शकणारी पेट्रोल गाडी) ही नुसती जाहिरात आहे, लिटरला 28 किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज कोणाच्याच गाडीला मिळत नाही, महामार्गावर तिचा उपयोग शून्य, बॅटरी तीन वर्षांत बदलावी लागते आणि प्रदूषण साध्या पेट्रोल गाडीइतकेच होते, असे त्यात म्हटले आहे; पुरावा म्हणून दोन्ही गाड्यांच्या पीयूसी प्रमाणपत्रांवरचे जवळपास सारखे आकडे दिले आहेत. रोख अर्थातच 2022 मध्ये आलेल्या मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या जुळ्या गाड्यांवर आहे. आयुष्याची बचत गुंतवण्याचा निर्णय लोक अशा संदेशावर घेतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

अ‍ॅव्हरेजचा मुद्दा पहिला. लिटरला 27.97 किलोमीटर हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे गाडी रोलरवर, ठरावीक चक्रानुसार, ताशी 90 किलोमीटरची मर्यादा न ओलांडता आणि एसी बंद ठेवून चालवली जाते. रस्त्यावर तो आकडा कमी होतो, हे खरेच आहे. परंतु याच पद्धतीच्या चाचणीत ग्रँड विटाराच्या माइल्ड हायब्रिड (जिची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते) मॅन्युअल गाडीला 21.11 मिळाले आहेत आणि प्रत्यक्षात तोही आकडा घसरतो. संदेश लिहिणाऱ्याने हायब्रिडचे रस्त्यावरचे अ‍ॅव्हरेज जाहिरातीतल्या अ‍ॅव्हरेजशी ताडून पाहिले आहे, आणि ही तुलना मुळातच चुकीची आहे.

महामार्गाच्या विधानात तथ्याचा अंश आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. हायब्रिडची मोठी बचत ब्रेकमधून होते: एरवी ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर जनरेटरसारखी फिरून बॅटरीत साठवते आणि सिग्नलवरून निघताना तीच वापरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला सलग ताशी 100 ने जाताना ब्रेक फारसे लागत नाहीत, शिवाय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा हवेचा अवरोध एसयूव्हीच्या उंच, रुंद अंगाला अधिकच जाणवतो; त्यामुळे फायदा आटतो. बोरघाट उतरतानाही ही मर्यादा दिसते, कारण जेमतेम पाऊण युनिट वीज मावणारी बॅटरी लवकर भरते आणि पुढचा उतार गाडीला इंजिनाच्या अवरोधावर उतरावा लागतो. मात्र ‘शून्य’ म्हणणे चूक आहे, कारण या गाडीचे 1.5 लिटरचे इंजिन अ‍ॅटकिन्सन चक्रावर चालते. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) उशिरा बंद होत असल्याने जळालेल्या मिश्रणाला प्रसरणासाठी जास्त वाव मिळतो आणि तेवढ्याच पेट्रोलमधून अधिक काम होते. हा गुण महामार्गावरही टिकतो. ज्यांचा बहुतेक प्रवास महामार्गावर होतो, त्यांनी जास्तीची किंमत वसूल होईल का याचा हिशोब जरूर करावा. रोज शहराच्या कोंडीत अडकणाऱ्यांचा हिशोब वेगळा येईल.

बॅटरीबद्दलची भीती निराधार आहे. हायब्रिड बॅटरीवर कंपनीची 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंतची वॉरंटी आहे, आणि बॅटरी पूर्ण भरू वा पूर्ण रिकामी होऊ न देण्याची व्यवस्था गाडीतच असल्यामुळे तिची झीज मंदावते.

प्रदूषणाच्या विधानात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. कार्बन डायऑक्साइड थेट जळालेल्या इंधनाच्या प्रमाणात बाहेर पडतो, लिटरभर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलो. चाचणीतले आकडे धरले, तर 100 किलोमीटरला हायब्रिड सुमारे 3.6 आणि माइल्ड हायब्रिड सुमारे 4.7 लिटर पेट्रोल जाळते. म्हणजे तेवढ्या अंतरात अडीच किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचतो. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांचे तसे नाही. त्यांच्यासाठी बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या मर्यादा दोन्ही गाड्यांना सारख्याच लागू आहेत आणि त्यांचा निचरा तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुराच्या नळीतले वायू शुद्ध करणारे उपकरण) करतो. म्हणूनच सकाळी गाडी सुरू केल्यावर बॅटरीत वीज असूनही हायब्रिडचे इंजिन काही काळ चालू राहते. पीयूसीच्या प्रमाणपत्रावर दोन्ही गाड्यांचे आकडे जवळपास सारखे दिसतात, हा संदेशातला पुरावाही याचमुळे निकामी ठरतो: ती तपासणी उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून होते, आणि हायब्रिडची बचत तर सिग्नलला इंजिन बंद राहण्यात आणि ब्रेकमधून मिळालेल्या विजेत आहे.