पडेल ते आपलं

फ्लोरिडात होमस्टेडजवळ फ्रूट अँड स्पाइस पार्क नावाची काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्याची बाग आहे. 37 एकरांची, 1944 पासूनची, आणि नुसत्या आंब्याच्याच दीडशेच्या आसपास जाती. नियम एकच: झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं मात्र तिथंच खायचं. हा नियम कोकणातून आलेल्या आईबाबांना सांगितला की बाबा आधी वर बघतात, मग माझ्याकडे. "पडायला किती वेळ लागतो?"

तिथला आंबा जून-जुलैचा. गेट उघडताच आत शिरावं, कारण रात्री पडलेल्या फळांवर पहिला हक्क मुंग्यांचा, दुसरा खारींचा, आणि उरलंसुरलं आपलं. देठापाशी वास घ्यावा. वास नसेल तर तो वाऱ्यानं पाडलेला, आत आंबटढाण. भेग किंवा भोक दिसलं की गुपचूप खाली ठेवावा. देठाचा चीक धुतल्याशिवाय तोंडाला लावला तर ओठ उततात, म्हणून माणशी दोन लिटर पाणी न्यावं. त्यातलं निम्मं आंबेच पितात. खोडाला 'जरा टेकून' उभं राहणं हेही तोडण्यातच मोडतं, हे आईला पटत नाही.

बाबांचा अभिमान मात्र इथं फुकटात जागवता येतो. 1889 मध्ये पुण्याहून अमेरिकेला आंब्याची कलमं गेली, त्यातला मलगोबा फ्लोरिडात तगला आणि त्याच्या कोयीपासून तिथला प्रसिद्ध हेडन आंबा झाला. हे सांगितलं की पुढचा अर्धा तास बाबा प्रत्येक झाडाकडे भाडेकरूकडे बघावं तसं बघतात.

खरी पंचाईत सपोटे लिहिलेल्या पाट्यांपाशी. नाव एक, फळांची कुळं तीन. ममी सपोटे चिकूच्या कुळातलं, पांढरं सपोटे लिंबाच्या, आणि काळं सपोटे टेंभुर्णीचं भावंड. "म्हणजे विडीच्या पानांचं?" बाबा म्हणतात आणि दोन पावलं मागं सरतात. या काळ्याचा गर कच्चा असताना जीभ आवळून टाकतो. फळ सडल्यासारखं लिबलिबीत झालं की चॉकलेटी होतो. आमच्या घरात अशी फळं गेली पन्नास वर्षं टाकूनच दिली जातात.

पडलेलं सगळंच खाण्याजोगं नसतं. अ‍ॅकीचं फळ झाडावर आपोआप उकललं नसेल तर ते विषारी. उकललेल्यातलाही बिनबियांचा पिवळट गरच शिजवून खातात. मॉन्स्टेरा या अळूच्या कुळातल्या वेलाच्या कणसासारख्या फळावरची हिरवी खवलं आपसूक गळायला हवीत. घाईघाईनं सोललं तर घशाला अळूपेक्षा वाईट खाज. "जरा चाखून बघते" हे वाक्य आईनं या दोन झाडांखाली उच्चारू नये, एवढ्यासाठी एक माणूस कायम तैनात लागतो. तो मी.

मिरॅकल फ्रूट चाखायला मिळालं तर शेवटी ठेवा. लाल बोराएवढं फळ, गर मिनिटभर जिभेवर घोळवायचा, बी थुंकायची. मग साधारण अर्धा-एक तास लिंबूसुद्धा गोड लागतं. फक्त तेवढ्या वेळात डबा उघडू नका. लिंबाच्या लोणच्याचा मुरांबा होतो, आणि "एवढी साखर कुणी ओतली?" ही चौकशी थेट सुनेपासून सुरू होते.