क्षमा कोणी करायची आणि कोणाच्या सांगण्यावरून? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

ओडिशात नवरा आणि दोन मुलं जाळली गेल्यावर मारेकऱ्यांना क्षमा करणाऱ्या ग्लॅडिस स्टेन्सबाईंवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देऊन संपवण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या मते ख्रिस्ती शिकवणुकीतली क्षमा ही अपराध्याची सोय आहे. मारणारा मारून मोकळा होतो आणि मोठं मन दाखवायची जबाबदारी मार खाणाऱ्यावर येते. त्यांच्या एका मैत्रिणीला नवरा मारहाण करायचा. ती माहेरी निघून आली, तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे तिच्या चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांनी तिला ‘साताच्या सत्तर वेळा क्षमा कर’ हे बायबलमधलं वचन ऐकवलं आणि परत सासरी पाठवलं. ताई विचारतात, “ही दया आहे की दडपण?”

तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत ते दडपणच होतं. त्यात मला काही शंका नाही आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण ज्या अध्यायातलं वचन तिच्या तोंडावर फेकलं गेलं, तो अध्याय त्या वडीलधाऱ्यांनी पहिल्यापासून वाचला असता, तर तिला परत पाठवायला त्यांची जीभ रेटली नसती.

मत्तयाची सुवार्ता, म्हणजे बायबलमधलं येशूच्या चरित्राचं एक पुस्तक, अध्याय १८. सुरुवातीलाच येशू एका लहान मुलाला सगळ्यांच्या मध्ये उभं करतो आणि म्हणतो, या लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं. इतकं कडक बोलणं सुवार्तेत फार थोड्या ठिकाणी सापडतं. पुढे १५ ते १७ या वचनांत भावाने अपराध केला तर काय करायचं ते पायरीपायरीने सांगितलंय. आधी त्याला एकांतात गाठून त्याचा अपराध त्याच्या पदरात घाल. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर ने, म्हणजे साक्षीने बोलणं होईल. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो बाहेरचा समजावा. हे सगळं सांगून झाल्यावर, २१व्या वचनात, पेत्र हा शिष्य विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का? आणि मग २२व्या वचनात ते प्रसिद्ध उत्तर येतं: साताच्या सत्तर वेळा.

तुमच्या मैत्रिणीच्या मंडळीने सुरुवातच २२व्या वचनापासून केली. नवऱ्याला कोणी बोलावलं नाही, साक्षीदार बसवले नाहीत, त्याच्या तोंडावर काही सांगितलं नाही. मंडळीचं जे काम होतं ते टाळलं आणि त्याचं ओझं तिच्या डोक्यावर दिलं.

त्या सात आणि सत्तरचं मूळही बघण्यासारखं आहे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस आपल्या दोन बायकांसमोर बढाई मारतो की मला जखम करणाऱ्याला मी ठार मारलं, काइनासाठी (हा त्याचा पूर्वज) सातपट सूड असेल तर लामेखासाठी सत्त्याहत्तरपट. बायबलमध्ये या आकड्यांचा हिशेब पहिल्यांदा येतो तो सुडासाठी, आणि तोही एका दांडग्याच्या तोंडी. येशू पेत्राला उत्तर देताना तेच माप उचलतो आणि उलटं करतो. ज्याच्या हातात सूड घ्यायची ताकद आहे त्याचा हात थांबवण्यासाठी ते वचन आहे. जिच्या हातात काहीच नाही तिला गप्प बसवायला ते वापरणं म्हणजे लामेखाच्याच बाजूने उभं राहणं.

त्याला लागूनच निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे बोधकथा, येते, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे दिसतं. एका चाकराकडे राजाचं दहा हजार तालांत येणं आहे. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. योसेफस या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला २०० तालांत मिळत. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या हिशेबी या चाकराचं कर्ज त्यांच्या राज्यकर्त्याच्या ५० वर्षांच्या वसुलीएवढं! राजाला त्याचा कळवळा येतो आणि तो सगळं कर्ज सोडून देतो. चाकर बाहेर पडतो तोच त्याला एक सोबती भेटतो, ज्याच्याकडे त्याचे १०० दीनार आहेत. तीन महिन्यांहून जास्त मजुरी, म्हणजे गरिबाच्या घरात ही रक्कम क्षुल्लक नव्हे. येशूने लहान अपराध मुद्दाम नगण्य दाखवलेला नाही. चाकर सोबत्याचा गळा धरतो, “माझं देणं दे” म्हणतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

आता पुढे काय होतं ते नीट बघा. ज्याचा गळा धरला त्याला कोणीही सांगत नाही की बाबा, तू याला क्षमा कर. दाखल्यात त्याला तसा शब्दही नाही. बाकीचे सोबती हे बघून फार दुःखी होतात आणि सरळ जाऊन राजाच्या कानावर घालतात. राजा त्यांना चहाडखोर म्हणत नाही, घरातलं भांडण घरात मिटवा म्हणत नाही. तो त्या चाकराला बोलावून घेतो, जाब विचारतो आणि दिलेली सूट काढून घेतो. दयेची मागणी या गोष्टीत एकाच माणसाकडे आहे. ज्याला अमाप दया मिळाली आणि ज्याचा हात दुसऱ्याच्या गळ्यावर आहे, त्याच्याकडे. तुमच्या मैत्रिणीच्या घरात तो हात कोणाचा होता हे तुम्हीच लिहिलं आहे. आणि मंडळीने त्या सोबत्यांच्या जागी उभं राहायचं असतं.

तुमचा दुसरा आक्षेप असा की क्षमा केली म्हणजे न्यायावर पाणी सोडलं. यासाठी मी स्टेन्सबाईंचंच उदाहरण पुन्हा देतो, कारण तुम्ही त्यांच्यावरच बोट ठेवलं आहे. २२-२३ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला गाडीत झोपलेले बाईंचे पती ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची मुलं, १० वर्षांचा फिलिप आणि ६ वर्षांचा टिमथी, यांना जिवंत जाळलं. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. खटला मात्र चालूच राहिला. २००३ साली सीबीआय न्यायालयाने मुख्य आरोपी दारा सिंगला फाशी सुनावली, २००५ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. कायद्याने आपलं काम केलं आणि बाईंनी सूड मनातून काढून टाकला. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आग्जाला पोपनी काही दिवसांतच क्षमा केली, १९८३च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याला भेटले. इटलीने त्याला सोडलं ते २००० साली.

याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट मध्य प्रदेशातली आहे. राणी मारिया ही केरळची धर्मभगिनी देवास जिल्ह्यात आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायला झटत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने सगळ्या प्रवाशांसमोर तिला भोसकून मारलं. तिच्या अंगावर ५०हून अधिक जखमा होत्या. ज्यांचा व्याजाचा धंदा बुडत होता त्यांनी त्याला चिथावलं होतं. २००२ साली राखी पौर्णिमेला राणी मारियाची धाकटी बहीण, सेल्मी पॉल, तीही धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि ज्या हाताने बहिणीवर वार केले त्याच हाताला तिने राखी बांधली. समंदर सिंग त्यानंतरही चार वर्षं आत होता. २००६ साली सुटला आणि पुढे केरळात जाऊन त्याने तिच्या घरच्यांची माफी मागितली. २०१७ साली इंदूरमध्ये राणी मारियाला ‘धन्यवादित’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हाही तो हजर होता.

ती राखी सेल्मीलाच बांधता येत होती. इंदूरच्या एखाद्या सज्जनाने “आम्ही या माणसाला माफ केलं” असं जाहीर केलं असतं तर त्याला काडीची किंमत नव्हती, कारण बहीण त्याची गेली नव्हती. दुसऱ्याच्या जखमेवर आपण क्षमा करणं हा उद्दामपणा आहे. आणि जखमी माणसाकडून ती करवून घेणं त्याहून वाईट.

अपराध्याने काय करायचं, याबद्दल सुवार्तेत मोघम काही नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की वेदीजवळ अर्पण घेऊन उभा असताना तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. चालत जायचं ते ज्याने दुखावलं त्याने. यरीहो गावच्या जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू आपण होऊन उतरायला गेला, त्याने अट घातली नाही, हे खरं. पण जक्कय उभा राहून म्हणाला ते बघा: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. दया आधी मिळाली आणि तिच्यातून भरपाई निघाली. येशू “आज या घराला तारण मिळालं” म्हणतो ते त्यानंतर.

“रविवारी कबुली, सोमवारी पुन्हा तेच” हा तुमचा टोला कॅथलिक पापनिवेदनाला, म्हणजे पाद्र्यासमोर पाप कबूल करण्याला, आहे. मी त्या पंथाचा नाही, तरी एवढं माहीत आहे की चोरलेलं परत करणं, बिघडवलेलं शक्य तितकं निस्तरणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय या गोष्टी त्यांच्या शिकवणुकीत पापनिवेदनाचा भागच आहेत. माणसं त्या टाळतात, तसं आम्हीही टाळतो.

तुमच्या मैत्रिणीसाठी दोन कामाच्या गोष्टी. महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि तो कायदा तिला कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून हुसकून लावू देत नाही. मंडळीत कोणी ‘साताच्या सत्तर’ काढलंच, तर बायबल उघडून त्यांच्याकडून १५व्या वचनापासून मोठ्याने वाचून घ्या आणि नवऱ्याला कधी बोलावणार ते विचारा. मंडळीचे पाळक (पाद्री) ऐकत नसतील तर मला कळवा. मी येईन आणि हे सगळं त्यांच्यासमोर बसून बोलेन.

तिने नवऱ्याला क्षमा करावी की नाही, यावर मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. ते तिला विचारायचा हक्क मला नाही.