विमान परत फिरले, म्हणजे ‘थोडक्यात वाचले’ असे नव्हे

अहमदाबाद येथे 12 जून 2025 रोजी एअर इंडियाच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर एक संदेश निरनिराळ्या रूपांत फिरत आहे. त्याचा सारांश असा: एक इंजिन बंद पडलेले विमान सुखरूप उतरते ते निव्वळ दैवाने, वैमानिक तासभर घिरट्या घालतो, कारण त्याला काय करावे ते सुचत नसते, शेवटी तो इंधन वस्तीवर ओतून मोकळा होतो, आणि धावपट्टीलगत बंब दिसले, की आपण मरता मरता वाचलो असे प्रवाशांनी समजावे. अपघाताने माणसे धास्तावली हे स्वाभाविकच आहे, परंतु या संदेशातील एकही विधान तपासणीत टिकत नाही.

आधी इंजिनाचे पाहू. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला प्रमाणपत्र मिळते तेच मुळी, उड्डाणाच्या वेळी एक इंजिन गेले तरी उरलेल्या इंजिनावर ते वर चढू शकते, हे सिद्ध झाल्यावर. धावपट्टीवर धावताना ‘व्ही-वन’ हा ठरलेला वेग ओलांडला, की इंजिन बंद पडले तरी थांबायचे नाही, उडायचेच, हा धडा वैमानिक सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा गिरवतात. एअरबस ए-350 ला तर, एकाच इंजिनावर जवळचा विमानतळ गाठायला 370 मिनिटे लागतील इतक्या दूरच्या मार्गांवरूनही उडण्याची मान्यता मिळू शकते. दोन्ही इंजिने गेली तरी विमान दगडासारखे खाली येत नाही: ऑगस्ट 2001 मध्ये इंधनगळतीमुळे अटलांटिकवर दोन्ही इंजिने बंद पडलेले एअर ट्रान्सॅट या कॅनडाच्या कंपनीचे एअरबस ए-330 सुमारे 19 मिनिटे नुसते तरंगत अझोर्स बेटांवर उतरले आणि त्यातील सर्व 306 जण वाचले. अहमदाबादची गोष्ट वेगळी होती. प्राथमिक अहवालानुसार तेथे जमीन सोडल्यानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तोडला गेला. सावरायला ना उंची होती, ना वेळ. त्या अपघाताची फूटपट्टी एका इंजिनाच्या बिघाडाला लावणे चुकीचे आहे.

घिरट्यांचे कारण वजनात आहे. एअरबसचे ए-320 सुमारे 78 टन वजन घेऊन उडू शकते, पण नेहमीच्या रीतीने उतरताना ते साधारण 66 टनांपर्यंत खाली यावे लागते. उड्डाणानंतर लगेच परतायचे झाले, तर जादा इंधन जाळण्यासाठी वैमानिक आकाशात फेऱ्या मारतो. आग किंवा धूर असेल, तर मात्र तो वजनाची पर्वा न करता थेट उतरतो. म्हणजे लांबलेली घिरटी हे बहुधा घाई नसल्याचेच लक्षण असते.

इंधन ओतण्याचा आरोप तर ए-320 किंवा बोइंग 737 यांच्याबाबत संभवतच नाही, कारण या विमानांत इंधन हवेत सोडण्याची यंत्रणाच नसते. ती असते बोइंग 777 सारख्या मोठ्या विमानांत, आणि तिचा वापर सहसा इतक्या उंचीवर करतात, की इंधनाची वाफ होऊन जाते. जानेवारी 2020 मध्ये लॉस एंजेलिसजवळ डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या 777 ने कमी उंचीवरून सोडलेले इंधन शाळांच्या मैदानांवर पडले, हे खरे आहे. त्यावर टीका झाली ती योग्यच होती.

बंबांविषयी थोडक्यात. जड विमान थांबवताना चाकांचे ब्रेक प्रचंड तापतात. टायर फुटू नयेत म्हणून चाकांत विशिष्ट तापमानाला वितळणाऱ्या खिळ्या बसवलेल्या असतात. त्या वितळल्या, की हवा हळूहळू निघून जाते. ‘टायर फुटला’ म्हणून पसरवली जाणारी कित्येक छायाचित्रे अशा बसलेल्या टायरांची असू शकतात. बंब उभे राहतात ते या उष्णतेवर नजर ठेवायलाही.

उरला ‘मेडे’. संदेशात वैमानिकाने रेडिओवर दिलेल्या प्रत्येक इशाऱ्याला हेच नाव दिले आहे. जिवावरचे संकट असेल तर ‘मेडे’ आणि निकड आहे पण तात्काळ धोका नाही, तेव्हा ‘पॅन-पॅन’, असे हे दोन वेगळे संकेत असून दोन्ही तीनदा उच्चारतात. 16 जुलै 2025 रोजी दिल्लीहून गोव्याला निघालेले इंडिगोचे विमान तांत्रिक बिघाडामुळे मुंबईत उतरवले गेले, तेव्हा वैमानिकाने दिल्याचे वृत्त होते ते ‘पॅन-पॅन’चे.