खंबाटकीची बाई आणि विकिपीडिया : ‘एक कऱ्हाडकर’ यांना उत्तर

नमस्कार,
प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. खंबाटकी घाटात रात्री लिफ्ट मागून गायब होणाऱ्या बाईच्या फॉरवर्डवर मराठी विकिपीडियात स्वतंत्र लेख नको, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, जात्यावरच्या ओव्या गोळा करता, मग मोबाइलवरच्या लोककथेनं काय घोडं मारलंय? शिवाय गावात मराठी विश्वकोशाचं कार्यालय असल्यामुळे आम्हा वाईकरांना शिष्टपणा चढतो, हा टोलाही आहेच. असो.

विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्या जाणकाराचं नाव असतं. विकिपीडियावर कुणीही लिहितं, म्हणून तिथं वजन संदर्भाला. गोष्ट किती फिरली हे तिथं कुणी मोजत नाही. त्रयस्थ माणसानं विश्वासार्ह ठिकाणी तिच्यावर सविस्तर लिहिलंय का, एवढंच बघतात. स्लेंडरमॅन हे बिनचेहऱ्याचं भूत एरिक नुडसननं 2009 साली एका अमेरिकी संकेतस्थळासाठी रचलं. निव्वळ बनावट. तरी त्याच्यावर लेख आहे, आणि असायलाच हवा, कारण पत्रकारांनी, अभ्यासकांनी त्याच्यावर रग्गड लिहिलंय.

आपल्या बाईवर कुणी लिहिलंय? माझ्याकडे आलेल्या मजकुरात ‘मित्राच्या चुलतभावाचा अनुभव’ आहे, गाडी पांढरी स्विफ्ट. तोच मजकूर, ‘अचानक’मधल्या त्याच चुकीसकट, कशेडी घाटाच्या नावानंही आला. असा गायब होणारा प्रवासी जगभर आहे. अमेरिकेत 1942 सालीच बियर्डस्ली आणि हँकी या अभ्यासकांनी त्याच्या 79 कथा जमवल्या होत्या. खंबाटकीला त्या प्रवाशावरच्या लेखात एक ओळ मिळू शकेल, तीही संदर्भ असेल तर.

‘खेड्यापाड्यातलं कुणी छापतच नाही, मग संदर्भ आणायचा कुठून?’ हा तुमचा प्रश्न मात्र बिनतोड आहे. पण म्हणून आधी लेख टाकायचा आणि संदर्भ मागाहून शोधायचा, हे उलटं झालं. इंग्रजी विकिपीडियावर 2007 पासून डिचोलीच्या एका युद्धाचा लेख होता : 1640-41, पोर्तुगीज विरुद्ध मराठे. त्याला ‘चांगला लेख’ असा शिक्काही मिळाला. 2012 च्या अखेरीस कळलं की असं युद्ध झालंच नव्हतं. 1640 साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे. कुठले मराठे पोर्तुगिजांशी लढत होते, हे साताऱ्यातल्या चौथीच्या पोरानंही विचारलं असतं.

आपल्या भागातल्या फॉरवर्डवर लिहायचंच असेल, तर मुलं पळवणाऱ्या टोळीवर लिहा. सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात, पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना त्याच संशयावरून लोकांनी पट्ट्याकाठ्यांनी मारलं. गुन्हा दाखल झाला, देशभर बातम्या आल्या. तिथं संदर्भांची वानवा नाही. तुम्ही सुरुवात करा, मी मदतीला येतो.

आणि बाईच्या तुमच्याकडच्या आवृत्त्या मला जरूर पाठवा. कधी आली, कुठल्या गावच्या ग्रुपवर आली, तेही लिहा. फक्त शुद्धलेखन सुधारू नका. कुणी कुठून उचललंय ते चुकांवरूनच कळतं.