‘पैसे फुटबॉलचे घेतले आणि मागे चालायला शिकवले’ या अभिप्रायाला उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमधील लाइनमनसाठी, म्हणजे पुढच्या रांगेत उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या खेळाडूंसाठी, असलेल्या आमच्या प्रशिक्षण वर्गाविषयी आपण मराठीत सविस्तर लिहिलेत, म्हणून उत्तरही मराठीतच देत आहे. टेक्सासमधील फ्रिस्को आणि प्लेनो भागातील बरेच मराठी पालक आता मुलांना सातवीपासून शाळेच्या फुटबॉल संघात पाठवतात. आपले प्रश्न त्यांच्याही मनात असणार, हे धरून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या तक्रारी अशा आहेत. सहा शनिवारांचे शुल्क भरूनही पहिले तीन शनिवार मुलांना एकदाही टक्कर देऊ दिली नाही, हात पाठीमागे धरून नुसते मागे सरकायला लावले. त्यानंतर शाळेच्या सामन्यात आपल्या मुलाच्या बाजूने क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, तीनदा पाडला गेला. दर आठवड्याला सरावाची चित्रफीत देण्याचे आम्ही कबूल केले होते, ती आली नाही. पाचवा शनिवार विजांमुळे अर्ध्यावर थांबला आणि त्याचे पैसे परत मिळाले नाहीत.

चित्रफितीबाबत चूक पूर्णपणे आमची आहे. दुसऱ्या शनिवारी एका प्रशिक्षकामागे चौदा मुले झाली होती, तेवढी मुले आम्ही घ्यायलाच नको होती. चित्रण अपुरे झाले आणि ते आपल्याला कळवण्याचे सौजन्यही आम्ही दाखवले नाही. त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. यापुढे एका प्रशिक्षकामागे आठच मुले असतील. विजांच्या दिवशी मैदान रिकामे करण्याचा निर्णय मात्र योग्यच होता, कारण शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून ३० मिनिटे कोणीही मैदानावर यायचे नाही हा नियम आम्ही कोणासाठीही मोडणार नाही. तरीही बुडालेल्या वेळेचे पैसे परत द्यायला हवे होते, ते या आठवड्यात आपल्या खात्यावर जमा होतील.

आता मागे सरकण्याविषयी. आपल्या अभिप्रायातील हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि येथे मी आपल्याशी नम्रपणे असहमत आहे.

लाइनमनची दोन कामे असतात आणि ती एकमेकांच्या उलट असतात. चेंडू घेऊन धावायची चाल असेल, तर त्याने पुढे जाऊन समोरच्याला हटवायचे असते. तेथे खांदा, जोर आणि आक्रमकता सर्व काही हवे. पास प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू फेकण्यासाठी मागे उभा असताना, समोरच्याला कोठे जायचे ते माहीत असते आणि तो पूर्ण वेगाने धावत येतो, तर आपल्या लाइनमनला त्याच्याकडे तोंड ठेवून, मागे सरकत, त्याच्या आणि क्वार्टरबॅकच्या मध्ये राहायचे असते. व्यावसायिक सामन्यांतसुद्धा चेंडू हातातून सुटायला साधारण अडीच ते तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ मध्ये उभे राहणे हेच पूर्ण काम आहे, समोरच्याला आडवे पाडणे त्यात येतच नाही. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र पुढे झेपावणे आपोआप येते, ते शिकवावे लागत नाही. मागे जाताना तोल राखणे त्याच्या शरीराला अगदी अनोळखी असते, विशेषतः वर्षभरात पाय झपाट्याने लांब झालेले असतील तेव्हा.

आपण सांगलीकडे कबड्डी खेळलात आणि ‘पुढे गेल्याशिवाय पकड होत नाही’ असे लिहिलेत. मीही लहानपणी कबड्डी खेळलो आहे, म्हणून त्याच खेळातले उदाहरण घेतो. चढाईपटू बोनस रेषेकडे झुकल्यासारखे करतो, कोपरारक्षक अधीर होऊन घोट्याकडे झेपावतो आणि चढाईपटू पाय काढून घेऊन त्याला स्पर्श करून निघून जातो, हे आपण कितीतरी वेळा पाहिले असेल. चांगला कोपरारक्षक गुडघ्यात वाकून, पाय फाकून, चढाईपटूच्या बरोबरीने सरकत राहतो आणि त्याने एक पाऊल जास्त टाकले की मगच हात घालतो. उजवा टॅकल, म्हणजे रांगेच्या उजव्या टोकाचा लाइनमन, हा आमच्याकडचा कोपरारक्षकच आहे. फरक इतकाच, की येथे समोरच्याला पकडून ठेवता येत नाही. तसे केल्यास आपल्या संघाला १० यार्डांचा दंड होतो.

हात पाठीमागे का, याचेही उत्तर त्यातच आहे. हात मोकळे असले की पाय हुकलेल्या मुलाचे हात आपोआप जर्सीकडे जातात, आणि पायांतली चूक झाकली जाते. हात मागे असले तर समोरच्याच्या पुढ्यात राहण्यासाठी पायांशिवाय दुसरा उपायच उरत नाही. आपल्या मुलाचेच सांगतो. पहिल्या शनिवारी उजवा पाय मागे टाकला की त्याचा डावा पाय धावत येऊन त्याला चिकटायचा. दोन्ही टाचा एकत्र आल्या त्या क्षणी मी त्याच्या छातीवर दोन बोटे ठेवून हलकेच ढकलले आणि तो मागे बसला. त्याचे वजन माझ्यापेक्षा फार कमी नाही. मग पायांत हातभर अंतर ठेवून तो उभा राहिला, तेव्हा मी दोन्ही तळव्यांनी रेटूनही तो जागचा हलला नाही. हे त्याला स्वतःच्या अंगाने कळणे, एवढाच त्या तीन शनिवारांचा हेतू होता.

हात आम्ही चौथ्या शनिवारी शिकवतो. १९७८ साली एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगने, नियम बदलून पास प्रोटेक्शनमध्ये हात लांब करून तळवे उघडे ठेवण्याची मुभा दिली, तेव्हापासून लाइनमनचे हात हे खरे हत्यार झाले आहे, त्यामुळे आपण म्हणता तसा येथे खांदा घालण्याची गरज नाही. उलट खांदा घातला की डोके खाली जाते. डोक्याला लागणारे लहानसहान धक्के लाइनमनना इतर बहुतेक खेळाडूंपेक्षा अधिक बसतात. टेक्सासमध्ये शाळांच्या सरावात हंगामात प्रत्येक खेळाडूला आठवड्याला ९० मिनिटांपेक्षा जास्त पूर्ण टकरीचा सराव देता येत नाही, आणि दोघांना समोरासमोर उभे करून एकमेकांवर आदळवणारा जुना ‘ओक्लाहोमा ड्रिल’ एनएफएलनेही २०१९ मध्ये बंद केला. शाळांचा नियम आमच्यासारख्या खाजगी वर्गाला लागू नाही, पण तो ज्या कारणासाठी केला ते कारण मला पूर्णपणे पटते. आपल्या मुलाचे डोके शिकवणीच्या नावाखाली एकदाही जास्त आदळू नये, असे मला कळकळीने वाटते.

राहिला तो सामना. मुलाविषयी येथे लिहिणे मी टाळले असते, परंतु तीनही प्रसंगांचे वर्णन आपणच केले आहे आणि चित्रफीतही मला पाठवली आहे. ती मी चार वेळा पाहिली. पहिल्या वेळी चेंडू हलताच तो पुढे झेपावला आणि समोरचा बाहेरून निघून गेला. हीच ती जुनी सवय. दुसऱ्या वेळी त्याच्यासमोरचा खेळाडू आत वळला आणि आतला बाहेर आला. आपला मुलगा आपल्या माणसाला शेजारच्या गार्डच्या, म्हणजे आतल्या बाजूच्या लाइनमनच्या, हवाली करून बाहेर येणाऱ्याला घ्यायला तयार होता, त्याने हात करून तसे दाखवलेही, पण दोघांत बोलणे झाले नाही. त्यात त्याचा दोष मला दिसत नाही. तिसऱ्या वेळी त्याचे पाय उत्तम होते, परंतु बाहेरून हुलकावणी मिळताच त्याने खांदे बाहेर वळवले आणि आतली वाट उघडी पडली. क्वार्टरबॅककडे जाणारी सर्वांत जवळची वाट आतून असते, म्हणून टॅकलने आधी ती राखायची. हे आम्ही पाचव्या शनिवारी शिकवणार होतो आणि नेमका तोच शनिवार बुडाला.

आपल्या अभिप्रायात नसलेला एक प्रसंग त्याच चित्रफितीत आहे. उत्तरार्धात समोरचा मुलगा थेट छातीवर चालून आला. आपला मुलगा एक पाऊल मागे गेला, कंबर खाली नेली, दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर आतून लावले आणि तेथेच थांबला. चेंडू गेला, पकडला गेला आणि कॅमेराही चेंडूमागे गेला, त्यामुळे तो चित्राच्या कडेला अर्धाच दिसतो. कृपया ते दृश्य त्याच्यासोबत बसून एकदा पाहावे.

बुडालेला भाग येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता विनाशुल्क घेतला जाईल. पैसे परत मिळणार आहेतच, हे त्याखेरीज. आपण स्वतः यावे आणि बाकावर न बसता माझ्या शेजारी उभे राहून पाहावे, अशी विनंती आहे. येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे बूट घ्यावेत. मागच्या वेळी पाहिले तेव्हा डाव्या बुटाची आतली कडा पार झिजली होती. उजवा पाय मागे टाकताना डाव्या पायाच्या त्याच कडेने जमीन रेटायची असते, आणि आमच्याकडील थोड्याशा सरावाने ती एवढी झिजत नाही. तो घरीही सराव करत असला पाहिजे.

आपला विश्वासू,
संचालक व मुख्य प्रशिक्षक